दहावी झालेल्या मुलीला घेऊन न्यू जर्सीला येताना: कॉलेजचं आणि पैशाचं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांची कंपनीतर्फे एल-१ वर (कंपनीच्या अंतर्गत बदलीचा व्हिसा) न्यू जर्सीला बदली, जूनमध्ये निघायचंय, मुलीची नुकतीच दहावी झालीय, तर तिला आत्ताच बरोबर आणावं की पुण्यात आजीकडे ठेवून बारावी झाल्यावर आणावं, आणि इथला कॉलेजचा खर्च झेपेल का. मी एडिसनच्या जवळ राहते आणि शनिवारी इथल्या लायब्ररीत हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे फॉर्म भरायला मदत करते, त्यात आपल्याकडून नुकती आलेली मुलं बरीच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. आणायची असेल तर आत्ताच आणा, म्हणजे इथल्या अकरावीला. अकरावी तिकडे करून फक्त बारावीसाठी आणणं हा सगळ्यात वाईट पर्याय, ते मात्र करू नका. कारण इथे कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जातात. कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकच अर्ज टाकायची वेबसाइट, १ ऑगस्टला उघडतं, लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर आणि नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला. बारावीला आलेल्या मुलीला शाळेत कुणी ओळखतही नसतं तेव्हा तिला शिफारसपत्रं मागावी लागतात, आणि ती पत्रं साधारणपणे अकरावीला शिकवलेल्या दोन शिक्षकांची लागतात. शिवाय न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं लागतो, तो एका वर्षात कोंबायचा म्हणजे बाकीच्या विषयांचे हाल.

अकरावीला आली तरी हातात जेमतेम सव्वा वर्ष आहे हे लक्षात ठेवा. म्हणून घर बघायच्याही आधी शाळेचं बघा, कारण इथे पत्ता ज्या टाऊनचा त्याच टाऊनची शाळा, भाड्याचा करार किंवा तिथे राहत असल्याचा दुसरा पुरावा दाखवल्याशिवाय नाव घालत नाहीत. आणि पुढच्या वर्षीचे विषय मुलं फेब्रुवारी-मार्चमध्येच निवडून बसलेली असतात, ऑगस्टमध्ये जाऊन एपी फिजिक्स (एपी म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) मागितलं तर वर्ग भरलाय म्हणतात. टाऊन ठरलं की लगेच तिथल्या शाळेच्या गायडन्स ऑफिसला (मुलांना मार्गदर्शन करणारे काउन्सेलर तिथे बसतात) तिकडूनच ईमेल टाका, मुलीची नववी-दहावीची मार्कशीट जोडा आणि गणिताची प्लेसमेंट टेस्ट कधी असते ते विचारा. आपल्या मुलांना पुष्कळदा एक पायरी खालच्या गणितात बसवतात आणि मग कॅल्क्युलसपर्यंत पोचताच येत नाही, इंजिनीअरिंगला जायचं असेल तर ते फार नडतं.

मार्कांचं पण एक आहे. इथे नव्वदच्या वर ए, ऐंशीच्या वर बी अशी साधारण पद्धत, त्यामुळे आपल्याकडचे ७८ टक्के कुणी जसेच्या तसे बसवले तर सी होतो. तुमच्या बोर्डाची ग्रेडिंगची पद्धत छापील स्वरूपात बरोबर आणा आणि काउन्सेलरला नम्रपणे दाखवा, काही शाळा मग बाहेरचे मार्क जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीत, धरतच नाहीत, नुसतं क्रेडिट देतात, ते चांगलंच.

आता पैसा. इथे सगळे आईबाप आधी कॉलेजांची नावं काढतात आणि पैशाचं मार्चमध्ये बघतात. मला मनापासून वाटतं की हे उलटं व्हायला पाहिजे, आणि व्हिसावर आलेल्या घरात तर नक्कीच, कारण तुमचे कुठले दरवाजे उघडे आहेत ते मुलीच्या मार्कांपेक्षा तिच्या व्हिसावर जास्त ठरतं.

म्हणजे बघा, सरकारी मदतीचा जो फॉर्म असतो फाफ्सा, तो नागरिक, ग्रीनकार्डवाले आणि आणखी काही ठराविक गटांसाठी आहे. एल-२ (एल-१ वाल्यांच्या बायकामुलांचा व्हिसा) किंवा एच-४ (एच-१बी वाल्यांच्या बायकामुलांचा) वरच्या मुलांना त्यातून पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) नाही, सरकारी कर्ज नाही, वर्क-स्टडी (शिकता शिकता कॉलेजात पगारी काम) नाही. ग्रीनकार्डचा अर्ज नुसता टाकलेला असून चालत नाही, हातात यावं लागतं. आणि मुलीला नोकरीही करता येत नाही, कसलीही, तिच्या मैत्रिणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करून खर्चाला पैसे जमवतात तेव्हा ही घरी. जोडीदाराला परवानगी असते, मुलांना नसते. व्हॉलंटिअरिंग चालतं. हे तिला इकडे यायच्या आधीच सांगा, नंतर कळलं की मुलांना ते फार लागतं, मी रडलेली मुलं बघितलीयत.

दुसरं म्हणजे २१ वर्षं. त्या वाढदिवसाला एल-२ संपतो. अठराव्या वर्षी कॉलेजला गेली तर बरोबर कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात हे येतं, आणि तोपर्यंत ग्रीनकार्ड नाही आलं तर तिला एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, बदलून घ्यावं लागतं, अर्ज आधीच टाकायचा, वाढदिवसाची वाट नाही बघायची. मिस्टर मॅनेजर म्हणून एल-१ए वर येत असतील तर ईबी-१ या नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डच्या गटातून रस्ता असतो, भारतीयांसाठी तो ईबी-२ आणि ईबी-३ पेक्षा पुष्कळ बरा. पण कंपनी प्रोसेस कधी सुरू करणार हे निघायच्या आधी एचआरकडून लेखी घ्या. पगाराच्या वाटाघाटीत आपण घरभाडं, विमानाची तिकिटं सगळं मागतो, तुमच्या घरात मात्र सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

मग उरतं काय? बरंच उरतं, घाबरू नका.

पहिलं म्हणजे इन-स्टेट फी. रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात राज्यातल्या मुलांना ट्यूशन आणि फी मिळून वर्षाला १८-१९ हजार डॉलरच्या आसपास, बाहेरच्यांना साधारण दुप्पट, राहणं-जेवण वेगळं. घर जवळ असेल आणि मुलगी घरून येऊन-जाऊन करेल तर हा आकडा एका चांगल्या पगारात बसतो. न्यू जर्सीत त्यासाठी १२ महिने आधीपासून इथे राहत असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून पण आत्ताच आणा म्हणतेय. बऱ्याच राज्यांत एच आणि एल वाल्यांना इन-स्टेट मिळतं, एफ-१ वाल्यांना सहसा नाही मिळत, म्हणजे २१ नंतर व्हिसा बदलला की फी वाढू शकते. प्रत्येक विद्यापीठाला स्वतः ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा, कुणाच्या पुतण्याला मिळालं होतं यावर विसंबू नका. एफ-१ ची चांगली बाजूही आहे, शिक्षणानंतर ओपीटी नावाच्या कामाच्या परवानगीवर १२ महिने आणि सायन्स-इंजिनीअरिंगवाल्यांना वर २४ महिने काम करता येतं, त्यामुळे तो बदल म्हणजे काही आभाळ कोसळणं नाही, फक्त त्या दोन वर्षांचे पैसे आधीच धरून ठेवा.

दुसरं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे काउंटीचं दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज. आपल्या लोकांना हे नाव काढलं की कमीपणा वाटतो, मला हे अजिबात पटत नाही. दोन वर्षं काउंटी कॉलेजमध्ये, एडिसनमध्ये मिडलसेक्स कॉलेज आहेच, आणि मग राहिलेली दोन वर्षं सरकारी विद्यापीठात. न्यू जर्सीत २००७ पासून कायदाच आहे की इथली असोसिएट डिग्री (ही दोन वर्षांची पदवी) पूर्ण केली की तिची क्रेडिट्स राज्यातल्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजांनी धरायची. शेवटी डिग्रीवर नाव विद्यापीठाचंच येतं. इंजिनीअरिंग, नर्सिंग अशा गर्दीच्या शाखांना मात्र ट्रान्स्फरची जागा मिळेलच असं नसतं, ते आधी तपासा.

तिसरं खाजगी कॉलेजं. न्यूयॉर्कमधल्या काही नामांकित ठिकाणी आता राहण्या-जेवणासकट वर्षाचा आकडा ९० हजारांच्या वर गेलाय. पण छापील किंमत आणि खरी किंमत वेगळी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही कॉलेजं परदेशी मुलांचाही अर्ज पैशाकडे न बघता वाचतात आणि घेतलं तर जेवढी गरज तेवढी मदत देतात, व्हिसावरची मुलं मदतीच्या बाबतीत सहसा परदेशीतच धरली जातात. प्रिन्स्टन तर न्यू जर्सीतच, तिथे २०२५ पासून अडीच लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना ट्यूशन नाही. प्रवेश मिळणं अतिशय अवघड, शंभरातली पाच मुलंही घेत नाहीत, पण पैशामुळे अर्जच केला नाही असं होऊ देऊ नका. बाकीच्या बऱ्याच चांगल्या कॉलेजांत मात्र परदेशी मुलाने मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते आणि पहिल्या वर्षी मागितली नाही तर पुढे सहसा मिळत नाही. म्हणून प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल त्याचा अंदाज देणारा) असतो तो आधी भरा (तो नागरिकांच्या हिशोबाने असतो, त्यातली सरकारी मदत वजा करून बघा) आणि शंका आली तर फायनान्शियल एड ऑफिसला फोन. मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल (घरच्या उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा फॉर्म) भरावं लागतं, त्यात पुण्यातला फ्लॅटसुद्धा विचारतात, लपवू नका.

मेरिट स्कॉलरशिप व्हिसा न बघता देणारी कॉलेजंही आहेत, जरा कमी प्रसिद्ध असतात आणि आपल्या पार्ट्यांमध्ये त्यांची नावं निघत नाहीत. तिथे चांगल्या मुलीला खरंच मोठी रक्कम मिळते. खाजगी कर्जाला मात्र बहुतेक ठिकाणी नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला कोसाइनर, म्हणजे हमी घेणारा, लागतो. मामा-काकांना विचारण्याआधी त्यांना स्पष्ट सांगा की हप्ता चुकला तर ते त्यांच्या नावावर येतं.

एप्रिलमध्ये पत्रं येतील तेव्हा एक नक्की करा. पत्रात वर ठळक अक्षरात अमुक इतकी मदत असं असतं, आणि त्यात ग्रँट, स्कॉलरशिप, कधी कर्जसुद्धा एकाच बेरजेत. कागद घ्या, कॉलेजचा पूर्ण वर्षाचा खर्च लिहा, त्यातून फक्त परत न करायचे पैसे वजा करा, उरेल ते गुणिले चार, वर दरवर्षीची थोडी फीवाढ. सगळ्या कॉलेजांचा तोच आकडा शेजारी शेजारी ठेवा, निर्णय बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कळवायचा असतो. अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाला की तिथेच जायचं अशी कबुली द्यावी लागते, पैशाची तुलना करायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका, अर्ली ॲक्शन, म्हणजे लवकर अर्ज पण कबुली नाही, ते चालेल.

अर्जाबद्दल थोडंच सांगते कारण ते शाळेत शिकवतात. एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते, सराव खान अकॅडमीवर फुकट आहे. महागडा कन्सल्टंट लावायची मला गरज वाटत नाही. आपली मुलं कमी पडतात ती ॲक्टिव्हिटीजच्या यादीत. कॉमन ॲपमध्ये दहा रकाने, प्रत्येकात फक्त दीडशे अक्षरं. मागे एका मुलाने नुसतं "सांस्कृतिक कार्यक्रमात सहभाग" असं लिहून आणलं. म्हटलं म्हणजे काय रे करतोस? तर हा मंडळाच्या ढोल पथकात होता, उन्हाळाभर पार्किंग लॉटमध्ये सराव, लहान मुलांना ताल शिकवायचा, ढोल स्वतः ताणायचा, गाडीत चढवायचा. तेच सगळं त्या दीडशे अक्षरांत बसवलं, ताण देण्यासकट. धाकट्या भावाला रोज सांभाळणं, आजीला डॉक्टरकडे नेऊन तिथे दुभाष्याचं काम करणं, हेही लिहायचं असतं, ते आपल्याला काम वाटतच नाही म्हणून राहून जातं. तुमची मुलगी पुण्यात जे काही करते, गाणं, ट्रेक, शाळेतलं नाटक, ते तारखांसकट आत्ताच एका वहीत लिहून ठेवायला सांगा, कारण नववी-दहावीचंही चालतं.

आणि परत यायची वेळ आलीच तर एनआयटीसाठी डासाचा, म्हणजे परदेशात शिकलेल्या मुलांसाठीच्या प्रवेश योजनेचा, मार्ग आहे, जेईई मेनचा रँक त्यालाही लागतो आणि फी डॉलरमध्ये असते, अटी दरवर्षी वाचाव्या लागतात.

निघताना नववी आणि दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, लसींची पूर्ण नोंद डॉक्टरच्या सहीशिक्क्यासह, आणि शाळेकडून बंद पाकिटात शिक्का मारलेल्या मार्कशीटच्या तीन-चार जादा प्रती, हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. जूनमध्ये इथल्या शाळा बंद होतात आणि मग गायडन्स ऑफिसमध्ये उन्हाळ्यात कुणी भेटेलच असं नाही, त्यामुळे तो ईमेल याच आठवड्यात टाका. टाऊन ठरलं की मला कळवा, तिथल्या शाळेत कुठले एपी आहेत ते मी बघून सांगते.