स्क्रिप्टने पाठवलेल्या एचटीएमएल ईमेलमध्ये चित्र मजकुरातच कसं दाखवायचं?

चित्र अटॅचमेंट म्हणून खाली लटकतं किंवा त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते, कारण एचटीएमएल आणि चित्र यांची जोडणी झालेली नसते. ती कंटेंट-आयडीने (सीआयडी), म्हणजे चित्राला दिलेल्या ओळखखुणेने होते.

पायथॉनमध्ये ईमेलमेसेज क्लास वापरा, जुन्या माइममल्टिपार्ट क्लासची जुळवाजुळव टाळा. आधी सेट_कंटेंटने साधा मजकूर, मग ॲड_अल्टरनेटिव्हने एचटीएमएल. त्यानंतर गेट_पेलोड()[१] म्हणजे एचटीएमएलचा भाग घ्या आणि त्यावरच ॲड_रिलेटेड चालवून चित्राचे बाइट्स, मेनटाइप आणि सबटाइप (फाइलचा प्रकार, उदा. इमेज आणि पीएनजी) आणि सीआयडी द्या. मूळ मेसेजवर चालवलंत तर एरर येईल.

सगळ्यात जास्त चूक कंसांची होते. सीआयडी बनवणारं मेक_एमएसजीआयडी() फंक्शन जो आयडी देतं, त्याला < > असतात. चित्राच्या कंटेंट-आयडी हेडरमध्ये ते हवेतच. पण इमेज टॅगच्या एसआरसीमध्ये (चित्र कुठून घ्यायचं ते सांगणारा भाग) ‘सीआयडी:’नंतर ते नकोत, म्हणून तिथे [१:-१] करून कापा. चित्राची फाइल ‘आरबी’ (बाइट्स वाचायच्या) मोडमध्येच उघडा.

बेस६४ डेटा यूआरआय, म्हणजे अक्षरांत बदललेलं अख्खं चित्रच, थेट एसआरसीत टाकायचा मोह होतो, पण जीमेल तसं चित्र दाखवत नाही. सीआयडीमध्येही बेस६४ एन्कोडिंगमुळे आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतोच, तेव्हा चित्र आधी लहान करा. आणि ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्र दिसलं नाही तर दिसणारा मजकूर, नक्की लिहा.