मतदानाच्या रांगेत उभे राहण्याआधी : वाचकांचे प्रश्न

लोकसभेच्या निवडणुकीबद्दल आलेल्या पत्रांत आशा आहे, राग आहे आणि बरेचसे गैरसमजही आहेत. कोणाला मत द्यावे, हे या सदरात सांगितले जात नाही. मत वाया कुठे जाते आणि दाद कुठे मागायची, एवढेच इथे पाहू.

प्रश्न : गेल्या लोकसभेला केंद्रावर गेलो, तर यादीत नावच नव्हते. मतदार ओळखपत्र हातात असूनही परत पाठवले. आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि सध्या आम्ही भाड्याने राहतो. पुन्हा तसेच होऊ नये म्हणून काय करावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ओळखपत्रामुळे मत मिळत नाही, यादीतल्या नावामुळे मिळते. नाव असेल तर मतदार कार्ड नसले तरी आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा फोटो असलेले बँक पासबुक चालते. कार्ड आहे आणि नाव नाही, तर केंद्राध्यक्षाच्या हातात काहीच नसते.

आधी नाव खरोखर गेले आहे का, ते पाहा. बऱ्याचदा ते असते, पण सापडत नाही. इंग्रजीतून मराठीत लिप्यंतर होताना साठ्यांचे 'साथे' होतात आणि काळ्यांचे 'काले'. म्हणून नावाने शोधू नका, ओळखपत्रावरच्या दहा अक्षरी क्रमांकाने शोधा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते दोन मिनिटांचे काम आहे. १९५० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. सापडले तर यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा, कारण केंद्रावर याच दोन आकड्यांनी काम भागते.

पुनर्विकासाच्या इमारतींतली नावे जाण्याचे कारण साधे आहे. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या भागातली यादी सांभाळणारा कर्मचारी, पडताळणीला येतो तेव्हा त्या पत्त्यावर खड्डा आणि पत्रे असतात. तो 'स्थलांतरित' असा शेरा मारतो. नाव वगळण्याआधी नोटीस द्यावी लागते, पण ती जाते जुन्याच पत्त्यावर. ती घ्यायला तिथे कोणी नसते.

नाव जुन्या पत्त्यावर अजून असेल तर अर्ज क्रमांक ८ भरा. पत्ता बदलणे, दुरुस्ती आणि नवे कार्ड ही तिन्ही कामे आता त्याच एका अर्जाने होतात. नाव वगळले गेले असेल तरच अर्ज क्रमांक ६. इथे नेहमीची चूक होते ती अशी : जुने नाव असताना लोक ६ भरतात. मग एका माणसाच्या दोन नोंदी दिसतात आणि अर्ज फेटाळला जातो किंवा पुढे दुबार म्हणून चौकशी लागते. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने चालत नाही आणि खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पत्ता द्यायचा तो आज राहता तिथला, पुढे मिळणाऱ्या नव्या फ्लॅटचा नव्हे. पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो. नव्या इमारतीत गेलात की पुन्हा ८ भरायचा. कंटाळवाणे आहे, पण त्याला इलाज नाही.

आता तारखेचे. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी यादी गोठते. त्यानंतर नाव घालताही येत नाही आणि काढताही येत नाही. शिवाय प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या दहा दिवस आधी अर्ज पोचलेला हवा. प्रचाराच्या धामधुमीत धावाधाव सुरू करणाऱ्याला बहुतेक उशीर झालेला असतो. अर्जाचा संदर्भ क्रमांक जपा. नोंदणी अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि तिथेही नकार मिळाल्यास ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

दर निवडणुकीला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो : 'यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि चॅलेंज व्होट मागा.' हे साफ खोटे आहे. चॅलेंज व्होट किंवा आक्षेपित मत म्हणजे तुमच्या ओळखीबद्दल उमेदवाराच्या प्रतिनिधीला शंका आली, तर तो दोन रुपये भरून घेतो ती हरकत. तुमच्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल, तर मात्र प्रदत्त मत मागा. त्यासाठी यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका मिळते. ती पाकिटात बंद राहते, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत आणि निकाल कोर्टात गेला तरच तिला अर्थ येतो. तरीही मागा, कारण तोतयेगिरीची लेखी नोंद त्यामुळेच राहते.

प्रश्न : गाव परभणी जिल्ह्यात, काम पुण्यात बांधकामावर. मत देण्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडते. मत इकडे घेता येईल का? ठेकेदार सुटी देत नाही. – एक वाचक, वाघोली

उत्तर : घेता येते. कायदा 'सर्वसाधारणपणे राहतो ते ठिकाण' पाहतो, मूळ गाव पाहत नाही. वर्षातले बहुतेक महिने वाघोलीत जात असतील तर अर्ज ८ भरून नाव इकडे आणा. गावच्या यादीतले नाव त्याच अर्जाने निघते. मात्र मग विधानसभेलाही मत इथेच द्यावे लागेल, आणि गावच्या ग्रामपंचायतीचे मतही जाईल. बरेच जण केवळ त्यासाठी नाव हलवत नाहीत. तो हिशेब ज्याचा त्याने करावा.

सुटीबद्दल : मतदानाच्या दिवशी मजुरी न कापता सुटी देणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नुसार बंधनकारक आहे आणि रोजंदारीवरचा मजूरही त्यात येतो. गावात मतदान वेगळ्या टप्प्यात असले, तरी तुमच्या गावच्या तारखेची सुटी तुम्हाला मिळायला हवी. पण दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत आहे, त्याला कोणी ठेकेदार घाबरत नाही. म्हणून चार-पाच जणांनी मिळून आठवडाभर आधी कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. मतदान उरकल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग होत नाही.

प्रश्न : एकही उमेदवार पटत नाही. 'नोटा' दाबला तर खरेच काही होते का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नोटा म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण. लोकसभेत त्याने निकालावर काही होत नाही. नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरी उमेदवारांत जो पुढे असेल तोच निवडून येतो. अनामत जप्त होते की नाही, हे ठरवताना वैध मतांचा एक षष्ठांश पाहतात, त्यातही नोटाची मते धरत नाहीत.

इंदूरमध्ये २०२४ ला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली. तिथे नोटाला २ लाख १८ हजार ६७४ मते पडली, तरी विजेता बारा लाखांहून अधिक मते घेऊन दिल्लीला गेला. त्याच वर्षी सुरतमध्ये उमेदवार बिनविरोध ठरला, तेव्हा मतदानच झाले नाही, मग नोटा कुठून असणार? महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी, नोटाला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा, वेगळा आदेश काढला होता. त्यावरून लोक लोकसभेचाही तसाच अर्थ लावतात, तो चुकीचा आहे.

तरीही घरी बसण्यापेक्षा नोटा बरा, असे आमचे मत आहे. अंधेरी पूर्वच्या २०२२ च्या पोटनिवडणुकीत नोटा १२ हजार ८०६ मतांसह दुसऱ्या क्रमांकावर होता. तो आकडा आजही निघतो. न आलेल्या मतदारांचा राग कोणाच्याही आकडेवारीत दिसत नाही.

प्रश्न : गावाला पूल नाही, नळ कोरडे. ग्रामसभेने बहिष्काराचा ठराव केला. तहसीलदार येऊन आश्वासन देऊन गेले. ठाम राहावे की मत द्यावे? – काही गावकरी, पैठण तालुका

उत्तर : कायद्यात किमान मतदानाची अट नाही. तुमच्या केंद्रावर एकही मत पडले नाही, तरी मतदान पथक संध्याकाळपर्यंत बसेल, कोरे यंत्र सील करून नेईल आणि निकाल लागेल. फेरमतदान होते ते यंत्र फोडले, पळवले किंवा बिघडले तर. गावाने पाठ फिरवली म्हणून नव्हे.

बहिष्काराचे वजन असते ते मतदानाच्या आधी, आणि तेही आचारसंहिता लागण्यापूर्वी. हे बहुतेक गावांच्या ध्यानात येत नाही. आचारसंहिता लागली की नव्या कामाला मंजुरी देता येत नाही. कार्यादेश निघाला असला, पण जागेवर काम सुरू झाले नसेल, तर तेही थांबते. म्हणजे त्या काळात आलेल्या तहसीलदारांची इच्छा असली तरी त्यांच्या हातात फक्त आश्वासनच असते. तारीख जाहीर व्हायच्या दोन-तीन महिने आधी ठराव करा, आणि अधिकारी आले की 'करतो' या शब्दावर त्यांना सोडू नका. चार गोष्टी लेखी मागा : अंदाजपत्रक झाले का, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व तारीख, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार आणि निविदा कधी. पहिल्या दोन गोष्टी नसतील तर पूल कागदावरही नाही असे समजा.

शिवाय खासदाराकडे काय मागायचे तेही नेमके ठरवा. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात, म्हणजे एका विधानसभा क्षेत्राच्या वाट्याला जेमतेम ८३ लाख. त्यात सभामंडप होतो, शाळाखोली होते, मोठा पूल होत नाही. पैसाही खासदाराच्या हातात येत नाही. तो काम सुचवतो आणि ते जिल्हा प्रशासन करते. नळाचे मात्र वेगळे आहे. जलजीवन मिशन केंद्राचे आहे आणि त्यात माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे. नळ बसले आणि पाणी नाही, तर बहुधा स्रोत, पंप किंवा वीजजोडणी अडलेली असते. नेमके काय अडले ते जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडून लेखी घ्या आणि तो कागद सभेत प्रत्येक उमेदवारासमोर धरा.

प्रश्न : दर निवडणुकीत कांद्यावर भाषणे होतात. भाव पडला की खासदार म्हणतात, निर्णय दिल्लीचा. मग त्यांना निवडून कशासाठी द्यायचे? – एक कांदा उत्पादक, निफाड

उत्तर : राग रास्त आहे, आणि खासदारांचे उत्तर अर्धेच खरे आहे. निर्यातबंदी किंवा किमान निर्यातमूल्य संसदेत मत घेऊन ठरत नाही. विदेश व्यापार महासंचालनालय एक अधिसूचना काढते आणि ती त्या दिवसापासून लागू होते. ८ डिसेंबर २०२३ ची बंदी अशीच आली. ती उठली ४ मे २०२४ रोजी, नाशिक-दिंडोरीचे मतदान पंधरा दिवसांवर असताना, तीही टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. हे शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडले.

खासदाराला अधिसूचना थांबवता येत नाही, पण तिची कारणे सरकारकडून लेखी काढून घेता येतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्नही करता येतो. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. आयत्या वेळी विषय मांडायला शून्य प्रहर आहे, लोकसभेच्या नियम ३७७ खालची सूचना आहे. हे सगळे संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावानिशी सापडते. सभेला जाण्याआधी पाच वर्षांत कांद्यावर किती प्रश्न विचारले ते मोजून जा. खासदार स्वतः मंत्री असतील तर ही मोजणी लागू पडत नाही, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत. तेव्हा थेट मंत्रिमंडळाच्या निर्णयाचाच जाब विचारा.

जाहीरनाम्यावर विसंबू नका. आश्वासन मोडले म्हणून निवडणूक रद्द होत नाही. निव्वळ जाहीरनाम्यातले वचन हे निवडणूक कायद्यातले 'भ्रष्ट आचरण' ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच म्हटले आहे.

प्रश्न : आईचे वय ८७. मागच्या वेळी सारख्या चिन्हांमुळे तिचे बटण चुकले. घरून मतदान होते का? – एक वाचक, कराड

उत्तर : ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्यांना घरून मत देता येते. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज १२ ड बीएलओकडे पोचला पाहिजे. पथक कळवून येते. पहिल्या खेपेला मतदार घरी नसेल तर आणखी एकदाच येते. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

केंद्रावरच न्यायचे असेल तर दृष्टी किंवा हात साथ देत नसल्यास अठरा वर्षांवरील सोबती आत येऊ शकतो. मात्र एका सोबत्याला त्या दिवशी एकाच मतदाराला मदत करता येते. चिन्हांचा घोळ खरा आहे. साताऱ्यात २०२४ ला 'तुतारी' चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते पडली आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' घेऊन लढलेला उमेदवार ३२ हजार ७७१ मतांनी हरला. आईला चिन्ह सांगू नका. यंत्रावरचा क्रमांक आणि उमेदवाराचा फोटो दाखवून ठेवा. बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. बटण आपल्या हातून चुकले तर पुन्हा संधी नाही. आपण दाबले एक आणि चिठ्ठीवर आले दुसरे, असे खात्रीने वाटत असेल तरच लेखी तक्रार करा. मग सर्वांसमोर चाचणी मत घेतात आणि तक्रार खोटी ठरली तर शिक्षा होते.

प्रश्न : दुबईत नोकरी, पासपोर्ट भारतीय. ऑनलाइन मत देता येईल? – एक वाचक

उत्तर : नाही. अर्ज ६ अ भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव नोंदवता येते, पण मत द्यायला तिथे स्वतः हजर राहावे लागते आणि ओळख म्हणून मूळ पासपोर्टच चालतो. परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय (मूळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) कार्डावर मत मिळत नाही.

प्रश्न : मुंबईत तीन तास रांग आणि सहा वाजले तर? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : सहाच्या ठोक्याला जो रांगेत आहे त्याला मत देता येते, मग रात्रीचे दहा वाजले तरी. केंद्राध्यक्ष क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो, त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे, म्हणजे मागून कोणी घुसू नये. चिठ्ठी मिळाली की रांग सोडू नका.