जेट स्कीच्या कूलिंगच्या पाइपाचा प्लास्टिकचा एल्बो (वाकडा जोड) तुटलाय, नवा यायला तीन आठवडे लागणार. तोवर काही जुगाड चालेल का?

चालेल, पण एम-सील थापून नाही.

मी मालवणात जेट स्की दुरुस्त करतो. ऐन दिवाळीच्या गर्दीत आमच्या एका गाडीचा असाच एल्बो तडकला. एम-सील लावलं, रात्रभर सुकू दिलं, सकाळी दगडासारखं कडक. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या लाटांवर गाडी वीस मिनिटं आपटली आणि सगळं निखळून आलं. एल्बो नायलॉनचा, आणि नायलॉनला एम-सीलसारखं इपॉक्सी नीट धरतच नाही, त्यात इंजिनाची थरथर. जेट पंपच हे पाणी दाबाने पुढे ढकलतो, म्हणून पाइप सुटला की इंजिन तापतं आणि तेच पाणी गाडीच्या पोटात भरत जातं.

तेव्हापासून मी पितळी होस एल्बो वापरतो. हार्डवेअरच्या दुकानात जाताना तुटलेला तुकडा सोबत न्या. आतलं भोक मूळच्यापेक्षा लहान नको, नाहीतर पाणी कमी पडेल. पितळ दोन्हीकडून रबरी पाइपात बसतं, इंजिनाच्या ॲल्युमिनियमला टेकत नाही, म्हणून खाऱ्या पाण्यातही गंजाची भीती कमी. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, मात्र घेऊ नका. पाइप आवळायची होस क्लिप घेताना तिच्या स्क्रूला लोहचुंबक लावून बघा: पट्टी स्टीलची आणि स्क्रू साधा लोखंडी, असा माल सर्रास मिळतो आणि आधी तो स्क्रूच गंजतो.

सी-डू कंपनीच्या फोर-टेक इंजिनात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बंद चक्रात फिरतं. तुमची गाडी ती असेल तर तुटलेला एल्बो कूलंटचा की समुद्राच्या पाण्याचा, हे आधी पाहा. मी सांगतोय ते समुद्राच्या पाण्याच्या पाइपाबद्दल.

एल्बो बसवला की किनाऱ्यावरच सीट काढून, गाडीच्या फ्लशिंगच्या तोंडाला नळाचा पाइप जोडून तपासा. आधी इंजिन सुरू करा, मग नळ सोडा; थांबवताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. एकदोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. जोडाला कोरडं बोट लावा, ओल लागली तर क्लिप पुन्हा बसवा. पाण्यात पहिली फेरी एकट्याने मारा, किनाऱ्याजवळ, पण कमरेपेक्षा खोल पाण्यात, म्हणजे पंप वाळू ओढणार नाही. पर्यटक बसवू नका.

आणि मध्येच बंद पडली, दोरी लावून ओढायची वेळ आली, तर पंपाकडून इंजिनाकडे जाणारा पाण्याचा पाइप आधी चिमट्याने दाबून बंद करा आणि अगदी हळू ओढायला सांगा. वेगात ओढलं की बंद इंजिनात पाणी भरतं. आमच्या त्या दिवाळीच्या गाडीचं हेच झालं. एल्बो काही रुपयांचा होता, इंजिन मात्र पूर्ण उघडावं लागलं.

स्टिअरिंगची केबल किंवा पेट्रोलचा पाइप तुटला असता, तर मी तुम्हाला गाडी किनाऱ्यावरच ठेवा म्हटलं असतं.