यादी मागितली तेव्हा

प्रश्न : ताई, अंधेरीच्या एका हॉटेलात मी फ्रंट ऑफिसला आहे. परवा रात्रपाळी संपवून ‘हॉटेल रवांडा’ हा सिनेमा पाहिला आणि झोपच उडाली. नंतर वाचलं, की ज्यांच्यावर तो बेतलाय त्या हॉटेल मॅनेजर पॉल रुसेसाबागिनांना २०२१ मध्ये दहशतवादाच्या आरोपावरून २५ वर्षांची शिक्षा झाली होती. मग पडद्यावर पाहिलं ते खोटंच समजायचं का?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : खोटं मुळीच नाही, पण तेवढंच खरं असंही नाही. १९९४ च्या एप्रिलपासून जेमतेम शंभर दिवसांत रवांडात सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजाची. राजधानी किगालीत, रुसेसाबागिनांच्या मिल कोलिन हॉटेलात आसऱ्याला आलेली बाराशेहून जास्त माणसं मात्र जगली. पाणी तोडलं तेव्हा त्यांनी पोहण्याच्या तलावातलं पाणी प्यायलं.

श्रेय कुणाचं, यावर वाद आहे. त्यांच्यातलेच काही सांगतात, मॅनेजरने आमच्याकडून पैसे घेतले, आम्ही वाचलो ते संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांमुळे. जे तिथे होते त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. रुसेसाबागिनांवरचा खटला निष्पक्ष नव्हता अशीही टीका झाली. २०२३ मध्ये शिक्षा कमी करून त्यांना सोडलं.

आता सिनेमातला, तुमच्या कामाशी जुळणारा प्रसंग घ्या. लष्करी अधिकारी पाहुण्यांची यादी मागतो आणि मॅनेजर जुनी यादी पुढे करतो, सगळी गोरी नावं. हातात शस्त्र नाही. आहे ते रजिस्टर, चालू असलेला फोन, साठ्यातली दारू आणि चिडलेल्या माणसाला अदबीने थोपवून धरायची सवय. मॅनेजर झालेल्या डॉन चीडलने ही अदब शेवटपर्यंत सोडलेली नाही, म्हणून मला त्याचं काम फार मोठं वाटतं. काउंटरवर तुम्ही रोज हेच करता. २००८ च्या नोव्हेंबरात ताजच्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना बाहेर काढलं, काहींनी त्यात जीव गमावला. त्यांचंही रोजचं काम हेच होतं.

आणि कॅप्टन एम्बाये दियान यांच्याबद्दल जरूर वाचा. सेनेगलचे, संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्र निरीक्षक. गाडीत थोडी थोडी माणसं बसवून, नाक्यावरच्या मारेकऱ्यांशी हसून बोलत, सिगारेटी देत ते पुढे काढायचे. शेकडो जीव वाचवले. ३१ मे १९९४ ला एका नाक्यावर तोफगोळ्याने ते गेले.