माकडं आणि हरणं, एवढंच?

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासरे आणि दोन्ही मुलांना (वय ७ आणि ११) घेऊन बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. सफारीच्या गाडीतून वाघ दिसला, पण पाठमोरा, झोपलेला. बाकी दिवसभर माकडं आणि हरणं. परतताना लोकलमध्ये धाकटा म्हणाला, "आई, काहीच नव्हतं." ताई, एका दिवसात प्राणी खरोखर बघायचे तर काय करायचं? की सरळ ताडोबालाच जावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताडोबाला जरूर जा. १९५५ साली जाहीर झालेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथला वाघ मोकळा आहे. पण त्याआधी मुलांना आणखी एकदा बोरिवलीलाच न्या, असं मी आग्रहाने सांगेन. बघायची सवय नसेल तर ताडोबातही जिप्सीत बसून बसून वाघ दिसला नाही, की हेच "काहीच नव्हतं" ऐकावं लागेल.

तुम्ही सफारीत बघितला तो वाघ कुंपणातला. या जंगलात मोकळा हिंडणारा मोठा शिकारी म्हणजे बिबट्या. २०१८ सालच्या पाहणीत उद्यान आणि आजूबाजूचा परिसर धरून ४७ बिबटे कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांत, सापडले होते. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून ते मोजता येतात. बिबट्या बहुतेक रात्रीच फिरतो, तेव्हा दिवसा दिसणार नाही हे मुलांना घरीच सांगून ठेवा. पण त्याची बातमी दिवसाही मिळू शकते. ती देतात तुम्ही 'बाकी' म्हणून सोडून दिलेली माकडं आणि हरणं!

आधी माकड आणि वानर यांतला फरक मुलांना दाखवा. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. वानरांची टोळी झाडावर चरत असली की खाली बऱ्याचदा चितळं येतात. वानर पानं-फळं अर्धवट खाऊन टाकून देतं, ते चितळांना आयतं मिळतं. शिवाय वानराला उंचावरून लांबचं दिसतं आणि चितळाचं नाक तिखट, त्यामुळे पहाऱ्याचं काम दोघांत वाटलं जातं. वानर खोकल्यासारखं कर्कश ओरडलं, की खालची चितळं एकदम थबकतात, कान एका दिशेला वळतात. एखादं पुढचा पाय जमिनीवर आपटतं, शेपटी उभी होते आणि तिची पांढरी बाजू दिसते. ती सगळी कुठे बघताहेत ते बघा. बहुतेक वेळा तिकडे भटका कुत्रा निघेल. पण मुलांना जे कळायचं ते तेवढ्यात कळतं.

यासाठी एकच गोष्ट लागते : एका जागी बसणं. मी जीवशास्त्राची शिक्षिका होते, बोरिवलीतच राहते, आणि मुलांच्या कितीतरी तुकड्या या जंगलात नेल्या आहेत. पहिली दहा मिनिटं मुलं चुळबुळ करतात. त्यांना एकेक काम द्या. थोरलीने किंवा थोरल्याने एकच चितळ निवडून त्याच्यावरची नजर हलवायची नाही, धाकट्याने फक्त आवाज मोजायचे. दोघांत एक दुर्बीण पुरे. नवीन घेऊ नका, कुणाकडून तरी मागून आणा.

आता दिवसाचं. सोमवारी उद्यान बंद असतं आणि रविवारी गर्दीचा गलका असतो, म्हणून शनिवार किंवा मधला वार बघा. दरवाजा उघडायच्या वेळेलाच पोहोचा. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत जाता येतं. ऊन चढल्यावर प्राणी सावलीला जातात, म्हणून सकाळचा वेळ सफारीच्या रांगेत घालवू नका. मार्चच्या आसपास गेलात तर पळस-पांगारा फुललेला असतो आणि एका झाडाखाली बसून मैना, बुलबुल, पोपट, शिंजीर सगळे येऊन जाताना दिसतात. सासूबाईंना चालणं जमत नसेल तर हाच बेत उत्तम, कारण त्यात चालायचंच नाही.

दुपारी कान्हेरीला जा, उद्यानाच्या आतूनच रस्ता आहे. शंभरावर लेणी आहेत, पण सगळी बघायचा हट्ट नको. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनेचं लेणं, पायथ्याशी आहे. आजी-आजोबांना तिथे गारव्याला बसवा आणि मुलांना वर पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळात खोदलेली टाकी, दाखवा. पावसाचं पाणी कातळात साठवायची ही सोय भिक्षूंनी केली. पुढे इंग्रजांनीही याच डोंगरांचं पाणी अडवलं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. त्या पाण्यासाठी पाणलोटातली झाडी राखली गेली, म्हणून शहराच्या पोटात आज बिबट्या राहू शकतो. मला हे मुलांना सांगावंसं फार वाटतं.

डबा झाकणाचा, घट्ट लागणारा हवा. चिप्सची पुडकी नेऊच नका, लाल तोंडाची माकडं हातातून ओढून नेतात. आणि आजोबांनी प्रेमाने जरी चणे-केळी पुढे केली तरी त्यांना थांबवा. खायला मिळायची सवय लागलेलं माकड पुढे अंगावर येतं आणि मग त्यालाच पकडून दुसरीकडे सोडायची वेळ येते.

प्रश्न : कारवीचा फुलोरा बघायला मुलीला कधी नेऊ?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : कारवी हे डोंगरउतारावरचं झुडूप आठ वर्षांनी एकदाच फुलतं. बोरिवलीच्या उद्यानात ती २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये फुलली, आता २०३२ चा पावसाळा सरताना बघा. फुलून बी धरल्यावर झाड वाळतं. त्याच वाळक्या काठ्या विणून, वर शेणमातीने लिंपून वारली घरांच्या भिंती उभ्या राहतात. तोवर मुलीला हिरवी कारवी ओळखायला शिकवा. पानं मोठी, खरखरीत आणि काठाला दातेरी असतात, आणि कान्हेरीच्या चढावर ती पुष्कळ दिसते.