‘डालड्यात’ तळायचं, पण पुडा मात्र ‘पार्लेचा’

प्रश्न असा आला आहे: “आपण ‘डालड्यात तळलं’, ‘डालड्याचा डबा’ असं म्हणतो. घोडा-घोड्याचा, मसाला-मसाल्याचा तसंच हे झालं. मग डालडा हा जुना देशी शब्द म्हणायचा का? आणि लेखात ‘डालडाचा’ लिहायचं की ‘डालड्याचा’?”

आधी पहिल्या भागाचं उत्तर. डालडा देशी नाही, आणि खरं तर कुठल्याच भाषेतला नाही. १९३० च्या सुमारास हॉलंडहून गोठवलेलं वनस्पती तेल मुंबईत येई आणि तुपाला स्वस्त पर्याय म्हणून खपे. ते आणणाऱ्या व्यापाऱ्यांचं नाव दादा, म्हणून मालही ‘दादा’. लीव्हर कंपनीने शिवडीला स्वतःचा कारखाना काढला, तेव्हा तिला बाजारात रुळलेलं हे नाव सोडायचं नव्हतं आणि आपली खूणही त्यात हवी होती. मग ‘दादा’च्या पोटात लीव्हरचा ‘एल’ घातला. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. द चा ड झाला तो रोमन लिपीमुळे. आपला दादा तिकडे डी-ए-डी-ए असा लिहिला गेला आणि परत आला तो ड घेऊनच.

आता गंमत पाहा. दादा, काका, मामा, बाबा या नात्याच्या शब्दांचं मराठीत सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी शब्दात होणारा बदल, जसं घोडा-घोड्या) होत नाही. आपण दादाचा सदरा म्हणतो, ‘दाद्याचा’ नाही (चिडवायचं असेल तर गोष्ट वेगळी). नाव ‘दादा’च राहिलं असतं, तर आपण ‘दादाचा डबा’ म्हटलं असतं. मधे एक ल आला, नात्याचा वास गेला आणि शब्द थेट घोडा-मसाल्याच्या रांगेत जाऊन बसला. तेव्हा सामान्यरूप होतं म्हणून शब्द जुना, हा तर्क टिकत नाही. सोडा, सोफा, कॅमेरा हे कुठले देशी? तरी सोड्याची बाटली, सोफ्यावर बसणं, कॅमेऱ्यात टिपणं चालतंच. सामान्यरूपावरून शब्दाचं कूळ कळत नाही. बोलणाऱ्याने त्याला वस्तू मानलंय की कुणाचं तरी नाव, एवढंच कळतं.

डालडा तर पुरता वस्तू झाला. दुसऱ्या कंपनीचं वनस्पती तूपही घरात ‘डालडा’च. पिवळ्या डब्यावरचं ताडाचं झाड लोक ओळखत, आणि तूप संपल्यावर त्याच डब्यात डाळ-तांदूळ राहात, नाहीतर तुळस लावली जाई. त्यातच शब्दाला हिणकस अर्थ चिकटला. ‘तुम्ही काय, डालड्यावर वाढलेली पिढी’ हे वाक्य साजूक तुपाचा अभिमान बाळगणाऱ्या आजोबांच्या तोंडी हमखास असे. भेसळीची भीती खोटी नव्हती. म्हणूनच वनस्पती तुपात ठरावीक प्रमाणात तिळाचं तेल घालायची सक्ती होती. असं वनस्पती तूप साजूक तुपात मिसळलेलं असलं, तर प्रयोगशाळेत आम्ल आणि फरफ्युरल नावाचं रसायन घालताच नमुना गुलाबी-लाल होई. तिळाच्या तेलाने केलेली ही चुगली!

निरम्याची गोष्ट याहून मजेची. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये घरी धुण्याची पावडर बनवून विकायला सुरुवात केली आणि तिला आपल्या लेकीचं, निरुपमाचं, नाव दिलं. म्हणजे मूळ नाव स्त्रीलिंगी. सीता-सीतेला, शाळा-शाळेत या चालीने ‘निरमेचा पुडा’ व्हायला हवा होता. पण तसं बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. सगळे म्हणतात ‘निरम्याचा पुडा’, ‘निरम्यानं धू’. मोरीत पोचेपर्यंत त्या मुलीचा पुल्लिंगी निरमा झाला!

उलटं उदाहरण पार्लेचं. विलेपार्ल्यात चौहान कुटुंबाने १९२९ मध्ये कारखाना काढला, गावावरून कंपनीचं नाव पडलं, आणि पुढे दहाएक वर्षांनी बिस्किटं सुरू झाली. गावाला जाताना आपण ‘पार्ल्याला’ जातो, ‘पार्ल्याचे’ लोक म्हणतो. बिस्किटाचा पुडा मात्र ‘पार्लेचा’. शब्द तोच, गावही तेच, पण गाव आपलं म्हणून वाकतं आणि छाप कंपनीची म्हणून ताठ राहते. माझ्या मते या सगळ्या चर्चेतला सर्वांत बोलका पुरावा हाच. (‘पार्ले-जी’तला ‘जी’ आदरार्थी नाही, ग्लुकोजचा आहे. आधी नावच ‘पार्ले ग्लुको’ होतं.)

लिज्जतचंही तेच. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी पापड लाटायला घेतले. नाव ठरलं १९६२ मध्ये, स्पर्धा घेऊन, बक्षीस पाच रुपये. मूळ अरबी शब्द गुजरातीत ‘लिज्जत’ झाला आणि मराठीत ‘लज्जत’. आपण ‘लज्जतीनं’ जेवतो, पण पापड ‘लिज्जतीचा’ नसतो, ‘लिज्जतचा’ असतो. बाटाची चप्पल, टाटाचं मीठ हीसुद्धा याच पंगतीतली. ती आडनावं आहेत आणि आडनावंच राहिली.

जोडनावांना ही अडचणच नाही. विको म्हणजे ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ची आद्याक्षरं. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये ती काढली, त्यामुळे वडिलांचं नाव आजही टूथपेस्टच्या नळीवर आहे. दांडेकरांनी सुरू केलेलं कॅम्लिन म्हणजे कॅमल अधिक इंक. अशा नावांच्या शेवटी ओ किंवा व्यंजन असलं की मराठी शब्दाला हात न लावता प्रत्यय जोडून मोकळी होते: विकोची, कॅम्लिनची.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. स्वयंपाकाबद्दल लिहीत असाल, तर बिनधास्त ‘डालड्याचा’ लिहा. ‘डालडाचा डबा’ वाचताना कुणीतरी पाटी वाचून दाखवतंय असं वाटतं. कंपनी, मालकी, खरेदी-विक्री असा विषय असेल, तर ‘डालडाची मालकी २००३ मध्ये बंगे कंपनीकडे गेली’ हेच नीट. तसंच अहमदाबादचा कारखाना ‘निरमाचा’ आणि मोरीतला पुडा ‘निरम्याचा’.