नायट्राइट निगेटिव्ह, तरी औषध कशाला?

प्रश्न : माझे वय ३४ आहे. गेल्या आठवड्यात लघवीला जळजळ होऊ लागली आणि दर अर्ध्या तासाने जावे लागू लागले. तपासणीत ‘नायट्राइट निगेटिव्ह, ल्युकोसाइट एस्टरेज पॉझिटिव्ह’ असे आले, तरी डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले. त्याच दिवशी सासूबाईंची (वय ७४) नेहमीची तपासणी झाली. त्यांना काहीही त्रास नाही, पण नायट्राइट पॉझिटिव्ह आले; त्यांना मात्र डॉक्टरांनी औषध दिले नाही. हे उलटे नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वरवर पाहता उलटे दिसते खरे, पण दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात.

आपल्या आहारातील नायट्रेट लघवीत उतरते आणि ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. त्या नायट्राइटमुळे लघवीत बुडवून पाहायच्या तपासणीच्या पट्टीवरचा चौकोन गुलाबी होतो. परंतु या रूपांतरासाठी लघवी मूत्राशयात साधारण ४ तास तरी साठून राहावी लागते, आणि तुम्हाला तर अर्ध्या तासाने जावे लागत होते. शिवाय एन्टेरोकॉकससारखे काही जंतू हे रूपांतर करतच नाहीत, आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर नायट्राइट असूनही चौकोनाचा रंग बदलत नाही. म्हणूनच नायट्राइट निगेटिव्ह आले म्हणजे संसर्ग नाही, असे म्हणता येत नाही. ल्युकोसाइट एस्टरेज हे पांढऱ्या पेशींमधील विकर आहे. ते लघवीत आढळले म्हणजे तेथे दाह असण्याची शक्यता असते, मात्र नमुन्यात योनिमार्गातील स्राव मिसळल्यानेही ते पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्या बाबतीत सर्वांत मोठा पुरावा तुमची जळजळ हाच होता. आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणून वाळ्याचे पाणी पीत चार दिवस काढण्याची पद्धत आहे. तुम्ही तसे न करता वेळेवर दाखवलेत, हे बरे झाले.

सासूबाईंची गोष्ट वेगळी आहे. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, मूत्राशयात जंतू कोणताही त्रास न देता राहतात, आणि पट्टीला केवळ त्यांचे अस्तित्व कळते, ते उपद्रव देत आहेत की नाही हे कळत नाही. अशा जंतूंवर औषध दिल्याने रुग्णाला फायदा होत नाही. उलट औषधाला न जुमानणारे जंतू वाढीस लागतात. मधुमेह असला तरी हाच नियम लागू होतो. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण यांच्या बाबतीत मात्र त्रास नसतानाही उपचार करतात. सासूबाईंचा नमुना सकाळी घरी घेऊन दुपारी प्रयोगशाळेत पोहोचवला होता का, हेही विचारून पाहावे, कारण बाटलीत उबेला राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि पट्टी विनाकारण गुलाबी होते. नमुना मधल्या धारेचा असावा आणि तासाभरात द्यावा. ते शक्य नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावा.

त्रास नसेल तर त्यांची पट्टीची तपासणी पुन्हा करण्याची गरज नाही. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले किंवा लघवीला जळजळ सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी कल्चरसाठी नमुना द्यावा. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, परंतु जंतू कोणता आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे त्यातूनच कळते.